हवामानबदल कशामुळे होतो? चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वणी या भागातल्या शाळा-महाविद्यालयांत किंवा गावसभेत हवामानबदलाचा विषय निघाला की साधारण हेच प्रश्न येतात. इथल्या माणसाला कोळसा पुस्तकातून शिकवावा लागत नाही. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, ओसरीवरच्या खाटेवर त्याची राख रोज येऊन बसते. म्हणून जगाचा हा प्रश्न इथूनच समजून घेणं सोपं जातं असं मला वाटतं, आणि उत्तरंही शक्य तिथे इथलीच उदाहरणं घेऊन दिली आहेत.

लांबण न लावता सांगा, मुख्य कारण कोणतं?

कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला कार्बन आपण कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायूच्या रूपात वर काढतो आणि जाळतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत साठत जातो. जगभरात या जाळण्यातून, सिमेंट धरून, वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला ४० टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या कोळशाचा, तेलाचा जवळपास एक तृतीयांश, वायूचा एक पंचमांश. जंगलतोड, शेती, गुरं, एसीमधले वायू ही कारणं खरी आहेत आणि पुढे त्यांच्याबद्दलही लिहिलं आहे. पण सगळी कारणं एकाच मापाची असल्यासारखी यादी वाचली की मोठं कारण गर्दीत हरवतं. तसं होऊ देऊ नये.

हा वायू हवेत असतोच किती? एवढ्याशा वायूने पृथ्वी कशी तापेल?

कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे रोजची मोजणी सुरू केली तेव्हा ३१५च्या आसपास भरला. आज तो ४२०च्या वर आहे. म्हणजे टक्क्यांत बोलायचं तर अजूनही ०.०४च.

पण कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेच्या किरणांना जवळजवळ अडवतच नाहीत. दिवसा ऊन जमिनीवर पडतं, जमीन तापते आणि ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात अवकाशाकडे परत निघते. या किरणांना नायट्रोजन-ऑक्सिजन वाट मोकळी देतात. कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि मिथेन ते शोषून घेतात आणि त्यातला काही भाग पुन्हा खाली पाठवतात. हे वायू अजिबात नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश असतं. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे हे वायू मुळात वाईट नाहीत, त्यांच्यामुळेच इथे जगता येतं. प्रमाण जवळपास दीडपट केल्यावर काय होईल, हा प्रश्न आहे.

आणि हे ज्ञान कालपरवाचं नाही. युनिस फूट या अमेरिकन महिलेने १८५६ साली काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं जास्त तापतं, शिवाय निवायलाही जास्त वेळ घेतं असं नोंदवलं. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी या वायूंची उष्णता शोषण्याची क्षमता मोजली. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचं गणित हाताने केलं. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ची. आपल्याकडे वाफेचं इंजिन धावू लागलं आणि जेमतेम तीन वर्षांत धोक्याची पहिली नोंद कागदावर आली होती.

आमच्या खाणीतला कोळसा मुळात आला कुठून?

हा प्रश्न मुलं विचारतात आणि मोठी माणसं क्वचितच. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा हाच.

वर्धा खोऱ्यातला कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे २५ कोटी वर्षांहूनही जुना. तेव्हा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे सगळे गोंडवन नावाच्या एकाच भूखंडाचे भाग होते. दलदलीच्या सखल प्रदेशात ग्लॉसोप्टेरिस जातीच्या झाडांची रानं होती. आजही कोळशाच्या थरांच्या आजूबाजूच्या शेलमध्ये आणि वालुकाश्मात त्या पानांचे ठसे सापडतात: जिभेच्या आकाराचं लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. एकदा ठसा हातात धरून पाहिलात तर काळा दगड हे एके काळचं झाड आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्या झाडांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खोड, पानं, मुळं बांधली. झाडं पडली की एरवी ती कुजतात आणि कार्बन हवेत परत जातो. दलदलीत ऑक्सिजन न मिळाल्यामुळे ती पुरती कुजली नाहीत. वर गाळ साचत गेला, दाब आणि उष्णता वाढली, कोळसा झाला. एकेक थर बनायला हजारो वर्षं लागली आणि असे थर लाखो वर्षांत एकावर एक रचले गेले. वरोऱ्याची खाण १८७०च्या दशकात सुरू झाली. तेव्हापासून धरलं तरी दीडशे वर्षांच्या आसपासचा काळ होतो; त्यात आपण तो कार्बन किती झपाट्याने हवेत परत सोडतो आहोत याचा अंदाज त्या एका ठशावरून येतो.

कोळशाची एक मालगाडी जाळली तर नेमका किती वायू निघतो?

हिशेब फळ्यावर मांडता येतो. कार्बनचे १२ किलो जळले की ऑक्सिजनशी जोडून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणूनच जाळलेल्या कार्बनपेक्षा वायूचं वजन जास्त भरतं, आणि इथे विद्यार्थी हमखास अडखळतात. जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.

आपल्या कोळशात राख भरपूर, त्यामुळे कार्बन वजनाच्या साधारण ४० टक्के धरू. एक टन कोळशातून दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. वाघिणींची एक पूर्ण रेक ३,८०० टनांच्या घरात असते, म्हणजे एका रेकमधून साडेपाच हजार टन. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. ते पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला सात कोटी युनिट वीज होते आणि त्यासाठी रोज ४० हजार टनांहून अधिक कोळसा लागतो, म्हणजे दहाहून अधिक रेक भरतील इतका.

घरच्या मापात: कोळशावरच्या एका युनिट विजेमागे एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो, डिझेलमागे सुमारे २.७ किलो. स्वयंपाकाच्या गॅसचं १४.२ किलोचं सिलिंडर संपलं की चाळीस-बेचाळीस किलो.

मग चंद्रपूर इतकं तापतं ते औष्णिक केंद्रामुळेच ना?

नाही, निदान लोक समजतात त्या अर्थाने नाही. मे महिन्यात इथे पारा ४७ अंशांपर्यंत जातो त्याचं मूळ भूगोलात आहे. समुद्र दूर, वायव्येकडून येणारे कोरडे तप्त वारे, निरभ्र आकाश, पीक निघून उघडी पडलेली जमीन. त्यात २० मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस असतो. केंद्राची चिमणी उभी राहण्याआधीही इथला उन्हाळा असाच प्रसिद्ध होता.

केंद्रातून उष्णता बाहेर पडते हे खरं आहे. कोळशातली निम्म्याहून बरीच जास्त उष्णता विजेत न बदलता पाण्यात आणि हवेत जाते. पण जगभरातली इंजिनं, भट्ट्या, वीजकेंद्रं यांच्या अशा थेट उष्णतेचा पृथ्वीवरचा परिणाम हरितगृह वायूंच्या, म्हणजे वर सांगितलेल्या उष्णता अडवणाऱ्या वायूंच्या, परिणामाच्या साधारण एक टक्का आहे. आणि चिमणीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड चंद्रपुरावर घुटमळत राहत नाही. वर्षभरात तो जगभर मिसळतो. इथे जाळलेल्या कोळशाचा वाटा हिमालयातल्या बर्फावरही आहे आणि युरोपातल्या कोळशाचा वाटा आपल्या मे महिन्यात आहे.

स्थानिक त्रास वेगळा आहे आणि तो खरा आहे: राख, धूळ, गंधकाचे वायू, नदीत जाणारं राखेचं पाणी, दमा. तो मांडताना तापमानवाढीशी गल्लत केली की दोन्ही मागण्या कमकुवत होतात. अधिकारी सहज म्हणतो, "चंद्रपूर तर आधीपासूनच तापतं," आणि बैठक संपते.

निसर्गातही झाडं, प्राणी, समुद्र हा वायू सोडतातच. माणसाचा वाटा तर फारच थोडा, मग दोष आपल्याला का?

आकडा बरोबर आहे. जमीन आणि समुद्र मिळून जेवढा कार्बन दर वर्षी हवेत सोडतात त्याच्या जेमतेम विसाव्या हिश्शाइतका माणूस सोडतो. पण निसर्ग जेवढा सोडतो तेवढाच परत घेतो. घरात महिन्याला वीस हजार येतात आणि वीस हजारच जातात, तर शिल्लक जागच्या जागी राहते. त्यात कुणी दर महिन्याला हजार रुपये टाकू लागला आणि त्यातले पाचशेच खर्च झाले, तर रक्कम लहान असूनही शिल्लक दर महिन्याला वाढत जाणार. हवेत नेमकं तेच चाललं आहे. आपण सोडलेल्यातला निम्म्याच्या आसपास भाग समुद्र, माती आणि झाडं उचलतात, उरलेला हवेत राहतो. समुद्र उचलतो त्याची किंमत तो आम्लधर्मी होण्यातून देतो.

पण वाढलेला वायू माणसाचाच कशावरून? त्यावर नाव लिहिलेलं असतं का?

एका अर्थाने लिहिलेलं असतं. हवेत कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन अगदी सूक्ष्म प्रमाणात असतो. जिवंत झाडात तोही असतो. झाड मेलं की तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या कोळशात तो औषधालाही उरत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण घटत असल्याचं दिसलं. हवेत जुना, मेलेला कार्बन मिसळत होता. पुढे अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ची मोठी भर पडली, तो धक्का ओसरल्यावर घट पुन्हा स्पष्ट दिसते. कार्बन-१३ या दुसऱ्या प्रकाराचं प्रमाणही घटतंय, कारण झाडं हलका कार्बन पसंत करतात आणि कोळसा-तेल म्हणजे जुने सजीवच. शिवाय हवेतला ऑक्सिजन अगदी किंचित कमी होतो आहे, जाळण्यात वापरला जातो तसा. तो श्वासाला कमी पडेल अशी भीती नको, पण मोजता येण्याइतका फरक आहे.

अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासून आठ लाख वर्षांचा इतिहास काढला आहे. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दर दहा लाखांत १८० ते ३०० या टप्प्यातच वर-खाली होत राहिला. ३००ची रेषा माणसाने ओलांडली.

सूर्य, ज्वालामुखी, हिमयुगं यांनीही हवामान बदलत आलंच आहे. आताचा बदल तसाच नसेल?

बदलत आलं आहे, आणि याचे पुरावे चंद्रपूर जिल्ह्यातच आहेत. इरईजवळ तालचीर नावाच्या, हिमकाळात साचलेल्या खडकांच्या थराखालच्या चुनखडीवर हिमनदीने घासत नेलेल्या दगडांचे ओरखडे भूशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले. आज जिथे मे महिन्यात अनवाणी पाऊल टेकवत नाही तिथे एके काळी बर्फ सरकत होता. आणि पश्चिमेला महाराष्ट्रभर पसरलेला काळा कातळ ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या उद्रेकांनीही प्रचंड कार्बन डायऑक्साइड सोडला, पण काही लाख वर्षांच्या अवधीत.

म्हणून प्रत्येक नैसर्गिक कारण वेगळं तपासावं लागतं, आणि ते तपासलेलं आहे. सूर्याची ऊर्जा १९७८पासून उपग्रहांनी मोजली जाते. ती साधारण ११ वर्षांच्या चक्रात किंचित वर-खाली होते, चढत गेलेली नाही. शिवाय सूर्य कारणीभूत असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबराचा थर थंड होतोय. उष्णता खालीच अडकते आहे याची ही खूण. ज्वालामुखी आज वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या एक टक्क्याहून कमी आहे. उलट १९९१ साली फिलिपिन्समधल्या पिनातुबोच्या उद्रेकाने पृथ्वी वर्ष-दोन वर्षं अर्ध्या अंशाने थंडच केली. पृथ्वीच्या कक्षेतले बदल हिमयुगं आणतात आणि घालवतात, पण त्यांचं चक्र हजारो वर्षांचं. शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना तापमान पाच-सहा अंशांनी वाढायला दहा हजार वर्षांच्या आसपास लागली. आता दीडशे वर्षांत सव्वा अंशाहून जास्त वाढ झाली आहे. २०२४ हे वर्ष तर १८५०-१९०० या काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंश वर गेलं. त्या वर्षात एल निनोचाही, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापण्याचाही, हात होता, पण एल निनो समुद्रातली उष्णता वर आणतो आणि निघून जातो. तो नवी उष्णता तयार करत नाही.

झाडं तोडल्यामुळेच हे झालं, झाडं लावली की सुटेल, असं सगळेच सांगतात.

जंगलतोड मोठं कारण आहेच. १८५०पासून माणसाने हवेत सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास एक तृतीयांश जंगलं तोडण्यातून आणि जमिनीचा वापर बदलण्यातून आला. पण आजच्या वर्षाच्या हिशेबात तो वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे. बाकी सगळं जाळणं.

वर रेकचा हिशेब केला तोच पुढे नेऊ. वाढलेलं झाड वर्षाला २० किलो कार्बन डायऑक्साइड घेतं असं धरलं, तर एका रेकचा धूर शोषायला पावणेतीन लाख झाडांचं वर्षभराचं काम लागेल. दिवसाला दहा रेक म्हटलं तर वर्षाला शंभर कोटी झाडं. एका वीजकेंद्रासाठी. राज्य शासनाने २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं, आणि लावलेलं प्रत्येक रोप जगतं थोडंच. झाड म्हातारं होऊन पडलं, वणव्यात गेलं की कार्बन पुन्हा हवेतच.

झाडं लावू नका असं मी मुळीच म्हणत नाही. ताडोब्याच्या भोवतीचं जंगल सावली देतं, पाणी धरतं, वाघाला वाट देतं, आणि त्याच्या मातीतही कार्बन आहे. म्हणून उभं जंगल खाणीसाठी तोडून दुसऱ्या जिल्ह्यात रोपं लावणं हा व्यवहार मला पटत नाही. त्यात कार्बन दोनदा हवेत जातो: आधी जंगलाचा, मग त्याखालच्या कोळशाचा.

सिमेंट कारखान्यांचं नावही येतं. ते का? तेही कोळसा जाळतात म्हणून?

कोळसा तर जाळतातच, पण खरी गोम दगडात आहे. कोरपना, राजुरा भागातली चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ती तापवली की १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो निघणारच, कारण ते इंधनातून येत नाहीत, दगडातून येतात. सिमेंटमध्ये राख मिसळली की चुनखडी कमी लागते, तेवढा वायू वाचतो. आपल्याकडे राखेला तोटा नाही.

शेतकरी आणि गुरंही हवामान बिघडवतात म्हणे. आधीच पिचलेल्या माणसावर हा नवा आरोप कशासाठी?

आरोप म्हणून मी हे सांगणार नाही, पण लपवणारही नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागात रोवणीनंतर धानाच्या बांधीत पाणी साचवून ठेवतात. पाण्याखालच्या चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. गाय, म्हैस रवंथ करताना तोच वायू तोंडावाटे ढेकरेतून सोडते. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात तीस कोटींहून अधिक गाई-म्हशी आहेत. कचऱ्याचे ढीग, गळक्या तेलविहिरी, वायूच्या नळ्या आणि खुद्द कोळशाच्या खाणीही मिथेन सोडतात.

मिथेन वजनाला वजन घेतला तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. आतापर्यंतच्या तापमानवाढीत त्याचा वाटा सुमारे अर्धा अंश आहे. पण तो साधारण बारा वर्षांत हवेतून विघटित होतो. युरियाचं तसं नाही. पिकाने न उचललेल्या नत्रापासून मातीत नायट्रस ऑक्साइड बनतो, तो सुमारे २७० पट प्रभावी आणि शंभर वर्षांहून जास्त टिकणारा.

फरक ध्यानात घ्यायचा तो असा. गाईच्या ढेकरेतला कार्बन गेल्या पावसाळ्यातल्या गवताचा असतो. खाणीतला कार्बन पर्मियन काळाचा. एक फिरत राहणारा, दुसरा नव्याने आणून टाकलेला. बांधीतलं पाणी अधूनमधून आटू देऊन पुन्हा भरलं तर मिथेन बराच घटतो आणि पाणीही वाचतं, पण पाण्याची खात्री नसलेल्या शेतकऱ्याला बांधी आटू द्या म्हणणं सोपं नाही. आधी कालव्याचं पाणी वेळेवर द्या, मग हा सल्ला द्या.

एसी आणि कूलर दोन्ही सारखेच दोषी का?

अजिबात नाही. वाळ्याच्या ताट्या लावलेला विदर्भातला कूलर पाणी आणि छोट्या मोटारीवर चालतो. एसी जास्त वीज घेतो, आणि त्यातला वायू गळला तर तो वेगळाच प्रश्न. आर-४१० ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापवणारा. किलोभर गळला तर दोन टनांची भर. आर-३२ त्याच्या साधारण एक तृतीयांश. असे वायू कमी करण्याचा करार २०१६ साली रवांडातल्या किगाली इथे झाला, भारतही त्यात आहे. एसी दुरुस्त करायला आलेला कारागीर जुना वायू खिडकीबाहेर सोडून देऊ लागला तर त्याला थांबवा.

ओझोनला पडलेलं भोक, प्लास्टिक, मोबाइल टॉवर?

ओझोनचा थर विरळ होणं ही वेगळी समस्या आहे. तिच्यामुळे अतिनील किरणं वाढतात. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर ती हळूहळू सुधारते आहे. प्लास्टिक खनिज तेल आणि वायूपासून बनतं, त्याचा जगाच्या उत्सर्जनातला वाटा ३-४ टक्के. नाल्यात अडकलेली पिशवी पूर आणते, तापमान नाही. मोबाइल टॉवरचा या विषयाशी संबंध त्याला लागणाऱ्या विजेपुरता.

एवढा धूर आणि धूळ असल्यावर ऊन अडून उलट थंड व्हायला हवं ना?

हे निरीक्षण पक्कं आहे. कोळशातल्या गंधकापासून बनणारे सूक्ष्म कण ऊन परतवतात आणि जगाची तापमानवाढ सुमारे अर्ध्या अंशाने झाकून ठेवतात. भारत १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशच तापला, जगाच्या सरासरीपेक्षा कमी, त्यामागे या धुरकट हवेचा आणि वाढलेल्या सिंचनाचाही हात मानला जातो. मात्र हे कण पावसाने काही दिवसांत-आठवड्यांत धुऊन निघतात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. शिवाय तेच कण छातीत जातात. काजळीचं तर उलटच आहे: ती काळी असल्यामुळे उष्णता शोषते आणि हिमालयातल्या बर्फावर बसली की तो लवकर वितळतो.

सगळ्यांत प्रभावी हरितगृह वायू तर पाण्याची वाफ आहे. तिच्याबद्दल कुणी का बोलत नाही?

कारण ती स्वतःहून वाढत नाही. हवेत जास्तीची वाफ सोडली तर आठ-दहा दिवसांत ती पाऊस होऊन खाली येते. पण हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. आधी कार्बन डायऑक्साइड तापवतो, मग वाफ वाढते, ती आणखी तापवते. थोड्या वेळात धो धो कोसळणारा पाऊस वाढण्यामागेही हेच आहे.

भारताचा दोष किती? आणि त्यात चंद्रपूरचा?

देश म्हणून भारत आज जगात तिसऱ्या क्रमांकाचा उत्सर्जक आहे. माणशी पाहिलं तर वर्षाला सुमारे दोन टन. जगाची सरासरी पावणेपाचच्या आसपास, अमेरिकेची चौदा. हवेत आजवर साठलेल्या इंधनजन्य कार्बन डायऑक्साइडमध्ये अमेरिकेचा वाटा एक चतुर्थांशाजवळ आणि भारताचा ३-४ टक्के. तापमान साठलेल्या वायूवर ठरतं, म्हणून हा जुना हिशेब टाळता येत नाही. लोकसंख्येवर खापर फोडणाऱ्यांनी एवढं पाहावं: जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांच्या वाट्याला एकूण उत्सर्जनाचा जवळपास निम्मा भाग येतो.

हाच हिशेब राज्याच्या आतही लावायला हवा. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॉट वाहून नेणारी उच्चदाब एकदिश वीजवाहिनी आहे. कोळसा इथला, राख इथली, खाणीसाठी गेलेली गावं इथली. दिवे आणि एसी पश्चिमेकडचे. उत्सर्जन चिमणीच्या पत्त्यावर नोंदवायचं की बटण दाबणाऱ्याच्या? मला विचाराल तर दुसऱ्याच्या. खाणकामगार या तापमानवाढीचं कारण नाही. खाणी आटोपत्या घ्यायच्या तर त्याच्या घरातल्या चुलीचा विचार आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा, शेवटच्या नाही.

उद्या सगळं जाळणं थांबलं तर तापमान लगेच उतरेल?

उतरणार नाही, पण वाढणं थांबेल. जगाचं निव्वळ कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन शून्यावर आलं की तापमान त्या पातळीच्या आसपास स्थिरावतं असं आजचं विज्ञान सांगतं. आधीच हवेत गेलेल्याचा काही भाग समुद्र उचलत राहील, पण लक्षणीय हिस्सा हजार वर्षांनंतरही हवेतच असेल. मिथेनचा परिणाम त्याआधी, दहा-वीस वर्षांत ओसरू लागेल. म्हणूनच आज बाहेर पडणारी रेक आणि वीस वर्षांनी बाहेर पडणारी रेक यांत हवेच्या दृष्टीने फरक नाही. दोन्ही त्याच साठ्यात जमा होतात. न काढलेला कोळसा तेवढा त्यात धरला जात नाही.